छपराच्या पुलावरचे दोन ठोके

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कुणाच्या अंगावर काटा यावा म्हणून हे लिहीत नाही. संताप आहे म्हणून लिहितो... माझाच, मलाच.

एरंडोलपासून दीड कोसावर, नाल्यावर आमचा छपराचा पूल. कापूस भिजू नये म्हणून कुण्या जिनवाल्याने वर आणि बाजूंनी पत्रे ठोकलेले. रुंदी एका गाडीपुरती. म्हणून रिवाज — शिरण्याआधी बैल हाकायच्या पराणीने पत्र्यावर तीन ठोके द्यायचे. आत गाडी असेल तर आतला दोन ठोके देणार, मग बाहेरच्याने थांबायचं.

स्वराज्य आल्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेली गोष्ट. भर दुपारी भरलेली गाडी घेऊन मी पुलाच्या मध्यावर, तोच पलीकडून तीन ठोके. तिसरा जरा उशिरा — म्हणजे नाना, माझे थोरले भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचा अबोला होता. मी पराणी उचललीच नाही. येऊ देत आत, घेऊ देत माझ्यासमोर गाडी मागे...

ते आले. त्यांचे बैल बुजले, गाडी मागे सरकत तिरकी झाली, बाजूचा पत्रा फाटला. खाली कोरडा नाला, नुसते दगड. नाना जागीच गेले.

पंचांना मी सांगितलं, "मी दोन ठोके दिले होते. त्यांनी जुमानलं नाही." मग गाव म्हणू लागलं, नाना आडदांडच होता. वहिनीच्या तोंडावर! आणि मी शेजारी उभा राहून ऐकायचो.

पुढच्या हंगामापासून सुरू झालं. मी तीन ठोके दिले की आतून दोन येतात. वाकून पाहावं तर पूल रिकामा, पलीकडचा उजेड आरपार. दुसऱ्या कुणी ठोकलं तर काही नाही. पत्रा तापला की वाजतो, असं एक शहाणा म्हणाला. तापलेला पत्रा मोजून दोनदा वाजतो? आणि माझ्यापुरताच?

गेल्या महिन्यात वहिनीला घेऊन गेलो. तीन ठोके दिले. आतून दोन. तिनेही ऐकले. तिथेच सगळं कबूल केलं. ती रडली नाही.

"त्या मरीसनबी उत्तर देतस," म्हणाली. "तुनं बाकी शे." मेल्यावरही ते उत्तर देतात, माझं मात्र अजून बाकी आहे.

आणि पदर खोचून एकटीच पुलातून निघून गेली.

उद्या पंचांसमोर बोलणार आहे. त्याआधी इथे — मी ठोके दिले नव्हते. पत्रा का वाजतो, ते आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी का वाजवला नाही, तेवढं येतं.