पत्र्याची खोली, दोन भाडी

कांद्याच्या गोण्यांचा वास आला की अजून माझी मान खाली जाते. नणंदेचा नवरा शेअर घ्यायचा, तेव्हा मी तोऱ्यात म्हणाले होते, "कागदापेक्षा खोली बरी, भाडं घरबसल्या येतं." वडवणीत पत्र्याची खोली बांधली आणि ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याला दिली. दिवाळीनंतर निघताना त्यांनी सहा महिन्यांचं भाडं आधीच दिलं, सामान आत ठेवून कुलूप लावलं. पण बंद खोली मला भाकड म्हशीसारखी वाटायला लागली. मग मी कुलूप तोडून तीच खोली कांद्याच्या व्यापाऱ्याला दिली. एका खोलीची दोन भाडी, काय माझी अक्कल! बाईला नववा लागला म्हणून ती दोघं लवकर परतली. दार उघडलं तर आढ्यापर्यंत गोण्या, खाली तिची गोधडी दबलेली. "काकू, आमी भाडं देऊन गेलतो की," ती म्हणाली. मी म्हटलं, "आठ दिवस थांब, माल हलला की खोली तुझीच हाय." ती भांडली नाही. "ऱ्हातो भाईर, पालाची सवय हाय," म्हणत अवघडल्या अंगानं माझ्या ओसरीला ताडपत्री बांधू लागली. ते बघून मला काय सुचावं? मी म्हणाले, "ओसरीचं येगळं भाडं घेणार न्हाई हं." आज नातवंडांची आजी होऊन सांगते, एवढं मोठं मन होतं माझं.