स्टेपनीखालचा नारळ

मला आधी ठरवून कुठं जायला जमत नाही. आमच्या घरात बेत ठरला की मोडलाच. ऐनवेळी कुणाला तरी ताप येतो, नाहीतर पाहुणे येतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी गाडीची डिक्कीच समुद्रासाठी भरून ठेवली. चटई, चार टॉवेल, जुने कपडे, छोटी शेगडी, चहाचं सामान आणि नणंदेनं जयसिंगपूरहून पाठवलेलं डबाभर भडंग. मनात आलं की किल्ली फिरवायची आणि घाट उतरायचा.

हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी. सत्तरी ओलांडली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि गुडघे तर दरवर्षी जास्तच कुरकुरत होते. स्वतःच्या पायांवर पाण्यात उभं राहायचं तर आत्ताच. मी दर रविवारी विचारायची, "आत्ती, जाऊया का समुद्रावर?" टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणायच्या, "नगं बाई. पानी ते पानी. कळंब्याचं तळं हाय की."

इकडं डिक्कीची कीर्ती गल्लीभर झाली. आमच्या गल्लीत मागितलेली वस्तू नाही म्हणणं म्हणजे भांडण विकत घेणं. शेजारच्या वहिनी जोतिबाला निघाल्या, चटई गेली. शेगडी नवऱ्याच्या मित्रांनी शेतावर रस्सा करायला नेली, ती कुणाकडं राहिली ते अजून कळलेलं नाही. भडंग तर नवऱ्यानंच येता-जाता मूठमूठ करून संपवलं आणि रिकामा डबा घट्ट झाकण लावून परत ठेवला. मी भरायची आणि सगळ्यांनी रिकामं करायचं, असं दोन वर्षं चाललं.

त्यात गाडी वळली की मागून गडगड आवाज यायचा. दोनदा मेकॅनिककडं नेली. तो गाडीखाली झोपला, बाहेर आला आणि म्हणाला, "म्याडम, गाडीला कायबी झाल्यालं न्हाय. आवाज तुमच्या मनात हाय." त्याच्याशी मी कडाकडा भांडले.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी सासूबाईंना डॉक्टरकडं नेलं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई गाडीत बसल्या. मी त्यांच्याहून जास्त घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. घराकडं वळायचं तिथं मी वळलेच नाही. सरळ गगनबावड्याचा रस्ता धरला.

"कुठं निघालीस?"

"समुद्रावर. गप बसा."

आणि त्या खरंच गप बसल्या. लग्न होऊन आल्यापासून हे मी पहिल्यांदा पाहिलं. घाटातल्या प्रत्येक वळणावर मागं गडगड चालूच होती.

दुपार कलताना किनाऱ्याशी पोचलो. मी ऐटीत डिक्की उघडली. आत एकच टॉवेल, त्यानंही नवऱ्यानं गाडी पुसलेली, आणि भडंगाचा रिकामा डबा. मी नवऱ्यापासून सुरुवात करून अख्ख्या गल्लीचा उद्धार केला.

"झालं असंल तर स्टेपनीखालचं काढ," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मी मॅट उचलून स्टेपनी बाजूला सारली. खाली पिशवीत त्यांचं एक जुनं लुगडं, एक पंचा आणि पिशवीतून सुटून मोकळा फिरणारा एक नारळ.

"आत्ती, हे कधी ठेवलंत?"

"तू गाडी भरलीस त्याच सांजंला."

"आणि दर रविवारी नगं म्हणत होता ते?"

"इचारल्यावर नगंच म्हनायचं अस्तंय, पोरी. न्यायचंच असंल तर आजच्यागत नुसतं बस म्हनायचं."

मला फार शरम वाटली. कारण खरं सांगायचं तर त्या नको म्हणाल्या की मला बरंच वाटायचं. रविवारची झोप वाचायची.

लुगडं बदलायलाही त्या थांबल्या नाहीत. माझा हात घट्ट धरून गुडघाभर पाण्यात आल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि नारळ सोडला. लाटेनं तो परत पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी माझा हात सोडला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात समुद्राला म्हणाल्या, "दोन वर्सं सांबाळलाय तुज्यासाठनं. घे की गुमान!"