दार लावायचे तीन शब्द

स्कॉटलंडमधल्या फ्रेझरबराच्या बंदरावर, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात इना डुथीने एकतीस वर्षं काढली. दोर, साखळ्या, आकडे, गमबूट. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे ते ती न बघता सांगायची. नवरा गेल्यावरही तिने काम सोडलं नाही. घरी बसून भिंतींशी बोलू का, म्हणायची.

एका मार्चमध्ये तिचा चुलतभाऊ वुली तणतणत दुकानात शिरला. वुली मासेमारी बोटीचा कप्तान. मागे त्याचा फिलिपिनो खलाशी रोडेल, मान खाली घालून.

"इना, याला गमबुटांची नवी जोडी दे. आणि असलं तर एक नवं डोकंही दे!"

"अरे, झालं काय?"

"समुद्र खवळलेला. मी ओरडून सांगतोय, दार डॉग कर. हा आपला दार नुसतं ओढून इकडेतिकडे बघतोय! लाट आली ती सरळ स्वयंपाकघरात. पिठाची गोणी गेली, माझं अंथरूण गेलं. चार महिने झाले, याला अजून दार लावता येत नाही."

"मॅम," रोडेल हळूच म्हणाला, "मी कुत्रा शोधत होतो."

इनाला हसू आवरेना. बोटीवरच्या लोखंडी दाराला कडेने सहा दांडे असतात. ते फिरवून आवळले की पाणी आत येत नाही. त्या दांड्यांना डॉग म्हणतात आणि ते आवळण्यालाही डॉगच. हे रोडेलला कुणी सांगितलंच नव्हतं.

"एरवी काय म्हणतोस रे तू, दार लावायला?" तिने वुलीला विचारलं.

"एरवी स्टीक म्हणतो. खिटी सरकवायची असली की स्निब म्हणतो. सगळे म्हणतात तेच."

"स्टीक मी फोनमध्ये शोधलं, मॅम. फोन तो शब्द बदलतो आणि भाजलेल्या मांसाचे फोटो दाखवतो."

रोडेल फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. शाळेत इंग्रजीत पहिला आलेला. त्याचं इंग्रजी वुलीपेक्षा स्वच्छ होतं, पंचाईत तीच होती. त्याने शिकलेल्या इंग्रजीत या किनाऱ्यावरचे शब्दच नव्हते.

इनाचा चेहरा उतरला. सात वर्षांची असताना तिने वर्गात विचारलं होतं, "बाई, दार स्टीक करू का?" त्याबद्दल तळहातावर चामडी पट्टा बसला होता. असलं गावंढळ इथे चालणार नाही, म्हणे. तेव्हापासून परक्या माणसासमोर ती शब्द चाचपूनच बोलायची.

"शनिवारी दुपारी ये," ती रोडेलला म्हणाली. "बाकीच्या पोरांनाही आण."

"तू शिकवणार?" वुली म्हणाला. "पंधराव्या वर्षी शाळा सोडलीस तू."

"दार लावायला कितवी पास लागते रे?"

जुन्या बोटी मोडणाऱ्याकडून तिने चौकटीसकट एक गंजकं दार आणवलं आणि दुकानाच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकवून उभं केलं. पहिल्या शनिवारी पाच परदेशी खलाशी आले. ती शब्द उच्चारायची, त्यांनी तसं करून दाखवायचं. 'मेक फास्ट' म्हटल्यावर दोघे धावतच सुटले.

"अरे, पळताय कुठे? घाई करा नव्हे! दोर पक्का बांधा!"

तिसऱ्या शनिवारी वुली फाटकाशी येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याला राहवेना. "असं नव्हे रे, समोरासमोरचे दांडे आवळ," म्हणत तो आत घुसला आणि सगळ्यांच्या हातातून दांडे घेऊन दाखवू लागला.

रोडेलने त्याचं होऊ दिलं. मग म्हणाला, "कप्तान, या एका दाराला तुम्ही तीन शब्द वापरता. समुद्रात एकच वापरा."

वुलीचे कान लाल झाले.

"कुठला?"

"डॉग. आता कुत्रा माझ्या ओळखीचा झालाय."

वुलीने कबूल केलं, पण जिभेला सवय लागायला वेळ लागला. तो स्टीक म्हणाला की रोडेल दार नुसतं लोटायचा आणि दांड्यावर हात ठेवून थांबायचा. वुली शिवी हासडायचा आणि मग योग्य शब्द म्हणायचा. पंधरवड्यात शिव्या कमी झाल्या. त्या नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे दोन दिवस वादळ लागलं. दारावर लाटा आपटत राहिल्या, पण स्वयंपाकघर कोरडं राहिलं. ही बातमी इनाला रोडेलने सांगितली. वुलीने नुसती हॅडक माशांची एक पेटी पाठवून दिली.

दोन वर्षांनी रोडेल घरी गेला. इना आता एकाहत्तरची आहे, दुकानातून निवृत्त झाली, पण शनिवारच्या वर्गासाठी मागच्या अंगणाची किल्ली मालकाने तिच्याकडेच ठेवली आहे. गेल्या महिन्यात घानाहून आलेल्या क्वेकूने तिला त्याच्या गावात होडी दोराने बांधून ठेवण्याला काय म्हणतात ते सांगितलं. तिला तो उच्चार काही केल्या जमेना. पोरं पोट धरून हसली. तिने सगळ्यांना गप्प केलं, क्वेकूला समोर बसवलं आणि तो शब्द पुन्हा सावकाश म्हणायला लावला.