एक पट्टी बाकी

चैत्र वद्य तृतीया, जव्हार संस्थान. गेरूच्या गिरणीवर हजर: मी म्हणजे गिरणीचा कारकून, एक बैल हाकणारा, दगड भरणारी साखरशेत गावची बाई, तिचं झोळीतलं मूल आणि एक अनोळखी कारागीर.

बैलांच्या रहाटावर फिरणाऱ्या लोखंडी पिंपात गेरूचे दगड इतके आदळायचे की मूल दचकून उठायचं. "उद्यापासून येणार नाय," असं बाईनं मला सांगितलं होतं. भुकटी बारीक झाली की नाही, हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी मात्र तीच एकटी होती.

आवाज दबावा म्हणून कारागिरानं दरबारच्या मोटारीचे जुने टायर कापून पिंपाला आतून पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टी बसवण्याआधी तो तिला गाल लावून बघायचा. दुपारी बैल फिरले, तेव्हा पिंप दूरच्या धबधब्यासारखं घुमू लागलं. मूल झोपून गेलं.

बाई घाबरली. "दादा, आवाजच नाय, तं मला कळंल कसां?"

"लोखंड भांडतं बाय, रबर ऐकून घेतं," तो म्हणाला. "भांडणारं एक राहू दे."

त्यानं पिंप थांबवून एक पट्टी काढली. आता दर फेऱ्याला लोखंडाचा एकच हलका टोला पडू लागला. बाई डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "झाली." मी चिमूट चोळून पाहिली. भुकटी पिठासारखी होती, आणि मूल अजून झोपेतच होतं.

त्याचं नाव मी विचारलं नाही. ती पट्टी खुंटीला टांगलेली आहे, आणि माझ्या कामांच्या यादीत अजून लिहिलेलं आहे: पिंपाला एक पट्टी बसवणे बाकी.