काकांची विचाराधीन मैफल

इतक्या शिस्तीत बेशिस्त वागणारा माणूस, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सोडले, तर अख्ख्या दिल्लीत दुसरा सापडायचा नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं फायलींवर शेरे मारून ते निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच दिवशी सॅक्सोफोनची पेटी घेऊन मयूर विहारच्या घरी आले. काकूंना वाटलं, ऑफिसने निरोपाला समई दिली असेल. आता त्यांचा जॅझचा ग्रुप आहे. ग्रुप म्हणजे तीन माणसं: काका, ड्रम बडवणारे नोएडाचे एक दातांचे डॉक्टर, आणि माणसाहून उंच बेस, म्हणजे उभं धरायचं अगडबंब व्हायोलिन, कसंबसं ऑटोत कोंबून आणणारे एक रिटायर्ड प्रोफेसर. नियम एकच. आधी ठरवलेलं वाजवायचं नाही आणि एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवायचं नाही. "रिपीट करायला मी काय रेकॉर्ड आहे?" इति काका. मात्र दर रविवारी दुपारी तालीम संपली, की तिचं इतिवृत्त लिहून तिघांच्या सह्या! एकदा मी चोरून वाचलं: 'ड्रम मध्येच थांबले. कारण विचारले असता पेशंटचा फोन आल्याचे सांगण्यात आले.'

खालून भाजीवाला "आलू ले लो, टमाटर ले लो" ओरडला की वरून सॅक्सोफोन त्याला उत्तर देतो. तोही लबाड झालाय, 'टमाटर'नंतर मुद्दाम थांबतो. या जुगलबंदीत माझी भेंडी घ्यायची राहून जाते, त्याचं कुणाला काही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने त्यांचा कार्यक्रम ठेवला. सेक्रेटरींनी पत्रिकेत छापायला गाण्यांची यादी मागितली. काका काय देणार, कपाळ! जुन्या सवयीने त्यांनी त्याच कागदावर शेरा मारला, 'विचाराधीन', आणि खाली सही ठोकली. सेक्रेटरीही सरकारी नोकरीतलेच. सही आहे म्हटल्यावर त्यांनी जसंच्या तसं छापलं. कार्यक्रमाच्या दिवशी पत्रिका वाचून माझ्या मागे बसलेल्या बाई शेजारणीला सांगत होत्या, "विचाराधीन मी पूर्वी ऐकलंय, फार अवघड असतं हं."

हसून हसून माझं पोट दुखलं, पण त्या दिवसांत काकूंकडे पाहिलं की जीव कासावीस व्हायचा. त्यांचे कान जात चाललेत. डावा गेलाच, उजव्यात मशीन. मागे एकदा बाल्कनीत त्या मटार सोलत असताना काकांनी समोर बसून काहीतरी वाजवलं होतं, ते त्यांना फार आवडलं. "अहो, ऐकू येतंय तोवर ते एकदा परत वाजवा ना," एवढंच त्यांचं मागणं. काका आपलं तत्त्व पुढे करायचे. खरं म्हणजे त्यांना ते आठवतच नव्हतं! गच्चीवर जाऊन गुपचूप शोधत बसायचे. कपडे वाळत घालताना मी कितीदा तरी पाहिलंय. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "उद्या सापडायलाच पाहिजे गं. नंतर सापडून काय उपयोग?"

कार्यक्रमात मी काकूंशेजारी बसले. डॉक्टरांनी ड्रमवर पहिला दणका घातला आणि काकूंचं मशीन शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून मुठीत धरलं ते शेवटपर्यंत. काका डोळे मिटून वाजवत होते, काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मशीन लावा म्हणून मी दोनदा खुणावलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. टाळ्या संपायच्या आत काका घामाघूम होऊन खाली आले. "तेच होतं का गं?"

काकूंनी ओठांवरून ओळखलं. "तेच. अगदी तेच."

काका नाचायचेच बाकी होते. घरी येताना टॅक्सीत पुढे बसून ते ड्रायव्हरला हिंदीत जॅझ समजावत राहिले. मागे मी काकूंना मशीन लावून दिलं आणि कानाशी जाऊन विचारलं, "काकू, काही ऐकू तरी आलं का तुम्हाला?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी वाजवताना त्यांचा चेहरा अस्साच झाला होता."