दुसरी रेघ

आक्काच्या घरून फोन आला तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याला रिक्षासाठी उभी होते. भाचा एवढंच म्हणाला, "मामी, आई बोलंना झालीय…" आम्ही तिच्या गावी, मंद्रूपला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका. सकाळी तिनं ड्युटीवर जायची साडी काढून ठेवली होती.

शैलाक्का माझी थोरली नणंद, गावाकडच्या एका लहान दवाखान्यात नर्स. तिच्याबद्दल लिहायचं तर आम्ही घरात कधी मोठ्यानं न बोललेली गोष्ट सांगावी लागेल. लिहू का, असं नवऱ्याला विचारलं. संजय मग म्हणाला, "लिही. त्याशिवाय आक्का कशी कळणार?"

माझ्या लेकीच्या, रेवतीच्या वेळी मला तिसरा महिना होता. नाव नोंदवायला आक्काच्याच दवाखान्यात गेले. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या पट्टीवर टाकतात. एचआयव्ही आणि सिफिलिस, म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो, त्याची तपासणी. पट्टी नीट चालली हे सांगणारी एक रेघ उमटते. माझ्या पट्टीवर गरमीच्या जागीही एक उमटली. फिकट, पण होती. आक्कानं ती खिडकीशी नेऊन पाहिली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या समजावून सांगत होत्या, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. संजय टॉवेलांचा माल घेऊन हैदराबादला जायचा, दोन-दोन दिवस बाहेर राहायचा… मला तेवढंच दिसत होतं.

"म्हंजे ह्यांनीच…" मी म्हणाले.

"मीना, थांब," आक्का म्हणाली. "ही घाईची तपासणी हाय. नसताना बी रेघ देती कधी. कधी जुना, बरा झालेला आजार दाखवती. शिरेतलं रक्त सोलापूरला पाठवू. तवर भ्या वाटलं तर वाटू दे, पण काय ठरवू नको."

बाळाला धोका नको म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन मात्र त्याच दिवशी दिलं. ते दुखणं घेऊन बाहेर पडताना मला वाटलं, औषध दिलं म्हणजे आजार आहेच.

संध्याकाळी संजय मला न्यायला दवाखान्यात आला तेव्हा आक्कानं त्याचंही रक्त मागितलं. तो भडकला. "आक्का, तुजा बी माज्यावर इश्वास न्हाय?"

"इश्वास रक्तात दिसत न्हाय, संजू. देत नसशील तर हिला मी माज्या घरी ठिवून घेती. तू माजा भाऊ हायस, पण पोटातलं लेकरू बी माजंच हाय."

त्यानं दिलं. त्याच्या पट्टीवर दुसरी रेघ आली नाही. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. माझी पट्टी चुकू शकते, तर त्याची का नाही? मी आक्काकडेच राहिले. माझा कप वेगळा घासून वेगळा ठेवत होते. आक्कानं एकदा ते पाहिलं, त्याच कपात स्वतःला चहा ओतला आणि माझ्यासमोर बसून प्यायली. "कपानं न्हाय होत असलं काय," एवढंच म्हणाली.

सोलापूरचे रिपोर्ट आले. आम्हा दोघांचेही स्वच्छ. संजय एकदम उठून उभा राहिला. "सांगत हुतो का न्हाय!"

"बस खाली," आक्का म्हणाली. "लागण नुकती असली तर रक्तात दिसायला येळ लागतो. काही आठवड्यांनी परत करायची, दोघांनी." मला तिचा रागच आला. हातात आलेला दिलासाही ही काढून घेते! ते आठवडे आधीच्या दिवसांपेक्षा कठीण गेले… पुन्हा केलेली तपासणीही स्वच्छ आली. रेवती सुखरूप झाली, आता दुसरीत आहे. पण संजय आणि मी एकमेकांकडे सरळ बघायला फार काळ लागला. त्याचा काहीच दोष नव्हता, हे मला कळलं होतं, वळत नव्हतं.

पुढे एकदा मी आक्काला विचारलं, खरंच निघालं असतं तर? "तर औषध हाय की," ती म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, "मला बी घास गिळवत नव्हता ग तवा. लहानपणी कडेवर घेतलेला भाऊ त्यो…"

तेराव्यानंतर मी तिच्या घराची समोरची खोली आवरत होते. ड्युटीवरून आल्यावर ती तिथं बसायची आणि गावातल्या बायका तिला काहीबाही विचारायला यायच्या. दारात एक नवी नवरी येऊन उभी राहिली. "सिस्टर हायत का?" मी सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण ती जाईना. मला नर्सचं काम येत नाही. मी खुर्चीवरचे कपडे उचलले आणि तिला बसायला सांगितलं. ती काठावर बसली, हातातला रुमाल पिळत.

"तुमी कुणाला सांगणार न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले आणि दार लोटून घेतलं.