रामाजींचा आवाज फाटत नाही

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत बारसं असो की भजन, माईक रामाजींचाच. मी लग्न होऊन इथे आले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा त्यांच्याकडे दोन भोंगे आणि एक सायकल होती. आता चार मोठे बॉक्स आहेत, मिक्सर आहे, मालाचा ऑटो आहे. कामाची रीत मात्र तीच. माईक तपासताना ते हॅलो हॅलो म्हणत नाहीत. मूळचे नरखेडकडचे, म्हणून गावाकडच्या गाडीची स्टेशनं म्हणतात, "काटोल, नरखेड, पांढुर्णा." एकदा मी कारण विचारलं. पांढुर्ण्याच्या 'पा'च्या फुंकरीने माईकचा आवाज फुटला नाही तर पुढे पाहुण्यांनी कितीही भाषण ठोकलं तरी फुटत नाही, असं उत्तर आलं. मग बॉक्सवर तांदळाची वाटी ठेवायची. दाणे उडायला लागले की आवाज खाली. त्यांच्या सौभाग्यवती भागीरथाबाई वायर गुंडाळता गुंडाळता म्हणतात, यांचे तांदूळ जेवढे कार्यक्रम फिरून आले तेवढी मी नातेवाइकांकडे गेली नाही.

चाळीस वर्षांत रामाजींचा आवाज एकदाही फाटला नाही, हे आमच्याकडे एखादीचं लोणचं कधी नासत नाही हे सांगावं, तशा कौतुकाने सांगतात. ते स्वतः सांगत नाहीत, पण कुणी सांगत असलं की तिथून हलतही नाहीत.

म्हणून माझ्या भाच्याला, अपूर्वला, कार्यक्रमासाठी साऊंडवाला हवा होता तेव्हा मी बेधडक त्यांचं नाव सांगितलं. अपूर्व आठवडाभर औषधांच्या दुकानात बसतो आणि रविवारी 'सत्तेचाळीस डिग्री' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. हे संगीत थ्रॅश मेटल, म्हणजे भरधाव, कडक रॉक. ना रेडिओवर लागतं, ना लग्नात. ऐकणारे मोजके, पण अमरावती-रायपूरहून गाडी पकडून येतात. गाणारी दीक्षा शाळेत सातवीला गणित शिकवते. एरवी इतकं हळू बोलते की आपण पुढे वाकावं. आणि माईक हातात आला की पोटातून असा गुरगुराट काढते की आपण मागे व्हावं.

गांधीबागेत एका कापड-गोदामाच्या वरचा हॉल मिळाला. रविवारची दुपार, बाजार बंद, तक्रार करायला कुणी नाही.

काटोल, नरखेड, पांढुर्णा झालं. वाटी ठेवली गेली. मग अपूर्वने गिटारवर पहिला हात मारला आणि रामाजींचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज खाली घेतला. त्याने पुन्हा वाजवलं, यांनी आणखी खाली घेतला. बँडला वाटलं, हे नुसतं तपासणं चाललंय. पण पहिलं गाणं सुरू झालं तरी आवाज वर येईना. सगळा बँड रजईत शिरून वाजवत असल्यासारखा. समोर काळे टीशर्ट घातलेली शंभर-सव्वाशे पोरंपोरी एकमेकांकडे बघू लागली. मागचे चार-सहा तर दाराशी जाऊन उभे राहिले.

मी रामाजींजवळ गेले. कपाळावर घाम, बोट बटणावर.

"वैनी, बॉक्स फाटून राहिला," ते हळूच म्हणाले. "अजून वाढवला तर सारा हॉल म्हणन, रामाजीचा आवाज फाटला."

हे संगीतच असं असतं, असं मी त्यांना सांगून पाहिलं. असं कुठं संगीत असते काय, म्हणाले. त्यापुढे माझी बी.ए.ची विद्या संपली. गाणं संपताच मी दीक्षाला खूण केली.

तिने वाद घातला नाही. वर्गातल्या पोराला फळ्याशी न्यावं तसं त्यांना स्टेजवर नेलं. अपूर्वच्या पायाशी एक लोखंडी डबी होती, पायाने दाबायची. ती तिने रामाजींनाच दाबायला लावली. डबी बंद, तर तार सतारीसारखी स्वच्छ. डबी चालू, की करवत.

"काका, आवाज आम्ही इथंच फाडून पाठवतो. तुमचा बॉक्स चांगला आहे," दीक्षा म्हणाली.

रामाजींनी डबी पुन्हा दाबली. सोडली. पुन्हा दाबली. समोरची पोरं टाळ्या वाजवायला लागली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे मालच फाटका," ते म्हणाले. "अन् मी रस्त्यात अजून फाडू नाही."

"बस, तेवढंच."

"मंग आधी काहून नाही सांगितलं वं?"

ते खाली आले. वाटीतले तांदूळ शर्टाच्या खिशात ओतले आणि वाटी भागीरथाबाईंच्या हाती दिली. एवढ्या वर्षांत मी त्यांना वाटीशिवाय आवाज लावताना पाहिलं नव्हतं. दोन बॉक्स भिंतीपासून पुढे ओढले, हॉलच्या चारही कोपऱ्यांत जाऊन कान लावून आले, आणि मग बटणं वर घेतली.

दुसरं गाणं नळाला पाणी न येण्यावर होतं. सुरू झालं तशी माझ्या छातीत कुणी गहू दळायला घेतल्यासारखं झालं. पण नवल असं की त्या गदारोळात ढोल वेगळा ऐकू येत होता, गिटार वेगळी, आणि दीक्षाच्या गुरगुराटातला शब्दन् शब्द. दाराशी गेलेले धावत परत आले. मधे गोल करून पोरं एकमेकांवर आदळू लागली. भागीरथाबाईंना वाटलं मारामारी झाली. पण एक पोरगा पडला तर पाच जणांनी त्याला उचललं, चष्मा शोधून दिला आणि पुन्हा धक्का दिला. एवढी काळजी आमच्या लग्नाच्या पंगतीत कुणी घेत नाही.

शेवटच्या गाण्याआधी दीक्षा पाणी प्यायली आणि रामाजींकडे बघत माईक ओठांशी नेऊन खर्जात गुरगुरली, "काटोल."

पोरं स्टेजकडे सरकली.

"नरखेड."

आणि मग तिच्यासकट सगळा हॉल एका दमात ओरडला, "पांढुर्णा!" शेवटचं स्टेशन पोरांना ठाऊक कसं? माईक तपासताना निम्मे तिथेच तर उभे होते. खालच्या गोदामाचं शटर खडखडलं. खिडकीवरचं एक कबूतर कायमचं गाव सोडून गेलं असावं.

रामाजी माझ्याकडे वळले. एक हात बॉक्सवर, दुसरा तांदळाच्या खिशावर.

"वैनी, पोरीच्या पांढुर्ण्यातला 'पा' ऐकला? एवढी बोंबलली, पण फुटला नाही."